आपल्या गावात, पंधरा सप्टेंबर

दिनविशेष आमच्या शाळेत मीच आणला. त्याआधी परिपाठ म्हणजे राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, एक सुविचार आणि पळा वर्गात. मी म्हटलं, असं कसं? आजच्या तारखेला जगात काय काय घडून गेलं, कोणी कोणता शोध लावला, कोणतं यान कुठं पोचलं, हे पोरांना कळायला नको का? मी एक जाड वही आणली, तिच्यात तीनशे पासष्ट पानं आखली, वर तारखा घातल्या आणि सुट्टीचे दोन महिने घालून ती भरली. बायको म्हणायची, ह्या माणसाला एवढं लिहायला देवानं बोटं दिली, पण घरचं साधं किराणा यादीचं काम दिलं की हात दुखतात. तिचं खरं होतं.

माझं नाव जागेश्वर कापगते. लाखांदूरपासून नऊ किलोमीटरवर आमचं गाव. बदल्या होत होत दोन हजार सात साली मी आपल्याच गावच्या शाळेत आलो. मधली चार वर्षं शेजारच्या गावात काढावी लागली, पण वही इथंच राहिली, आणि ती वही परिपाठात रोज वाचली जायची. येत्या मे महिन्यात मी रिटायर होतो. गावानं सत्काराची तयारी आत्ताच सुरू केली आहे. शाल कोणत्या रंगाची घ्यायची यावरून दोन गट पडलेत म्हणतात.

वहीत मी माझी एक गोष्ट घातली होती आणि तिचा मला फार गर्व होता. प्रत्येक पानाच्या खाली 'आपल्या गावात' असा एक रकाना. गावात पहिली वीज कधी आली, पहिली एसटी कधी आली, पहिल्यांदा धान कापायचं मशीन कोणाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, उतरलं, सगळं म्हाताऱ्यांना विचारून लिहिलं. वरून साहेब आले ते म्हणाले, असा उपक्रम तालुक्यात नाही. मी फुगलो. माणूस फुगला की त्याला आपल्या पायाखालचं दिसत नाही, आणि मला तर दिसत होतं तरी मी बघितलं नाही.

पंधरा सप्टेंबरचं पान असं आहे. आज अभियंता दिन. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्म. पाणी वाढलं की आपोआप उघडणारे धरणाचे दरवाजे त्यांनी बनवले. एकोणीसशे सोळा साली युद्धात पहिल्यांदा रणगाडा वापरला गेला. एकोणीसशे एकोणसाठ साली दिल्लीत दूरदर्शनचं प्रक्षेपण सुरू झालं. आणि त्याखाली माझ्याच सुवाच्य अक्षरात: 'आपल्या गावात. सन २००५. पाणकर इश्वर डोंगरवार यांनी तुडूम वेळेवर न उघडल्यामुळे तलावाची पाळ फुटली.'

ही शेवटची ओळ खोटी आहे. हे मला ती लिहिताना माहीत होतं.

जरा सांगतो, म्हणजे बाहेरच्या माणसाला कळेल. आमचा तलाव जुना, मालगुजारीच्या काळातला. त्याला एक लांब मातीची पाळ. म्हातारे लोक तिला पार म्हणतात. पाळीच्या पोटात तुडूम, म्हणजे शेतात पाणी सोडायचं दगडी तोंड. त्याचा लाकडी दट्ट्या काढायचा आणि घालायचा, कोणाच्या बांधीत किती वेळ पाणी जाईल ते ठरवायचं, हे पाणकराचं काम. इश्वरभाऊंच्या आजोबापासून ते त्यांच्या घरात होतं. आणि तलावाच्या दुसऱ्या टोकाला सांडवा. पाणी जास्त झालं की तिथून आपोआप वाहून जातं. त्याला कोणी उघडावं लागत नाही, बंद करावं लागत नाही. फक्त त्याच्या वाटेत कोणी येऊ नये.

मी आलो. आमची बांधी अगदी शेवटची. दिवाळीच्या आधी शेवटचं पाणी लागतं तेव्हा आमच्यापर्यंत पोचेतो तलाव खाली झालेला असायचा. दोन वर्षं धान लोंबीतच वाळलं. मी शिकलेला माणूस, हिशेब केला: सांडवा दीड फूट उंच केला तर तेवढं पाणी जास्त साठेल. ही युक्ती गावात जुनीच होती. पूर्वीही लोक सांडव्यावर माती टाकायचे आणि मोठा पाऊस यायच्या आधी काढून घ्यायचे. पण ते चार लोकांना सांगून करायचे, पाणकराला विचारून करायचे. मी पोळ्याच्या दिवशी केलं. सगळं गाव बैल घेऊन तोरणाखाली उभं होतं, आणि मी खताच्या चौदा रिकाम्या पोत्यांत माती भरून सांडव्यावर रचली. वर बेशरमाच्या फांद्या टाकल्या. इश्वरभाऊंना विचारलं नाही, कारण ते नाही म्हणाले असते.

चार दिवसांनी काढू, आठ दिवसांनी काढू, असं करता करता बारावा दिवस उजाडला. चौदा तारखेपासून पाऊस लागला तो थांबेचना. पंधराला सकाळी अकराच्या सुमारास पाळ फुटली. माणूस कोणी गेलं नाही, एवढी देवाची कृपा. पण चाळीस एकर उभं धान रेतीखाली गेलं.

आता जे सांगतो ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. सगळं गाव फुटलेल्या जागी धावलं. धानाच्या तणसीचे भारे, दगड, लोकांच्या घरची दारं, हाती येईल ते पाण्यात टाकत होते. इश्वरभाऊ छातीभर पाण्यात उभे होते, त्यांना दोर बांधून चौघांनी धरलं होतं. आणि मी त्या वेळी सांडव्यावर होतो. एकेक पोतं सुरीनं फाडत होतो आणि पलीकडे ढकलत होतो. चौदाच्या चौदा. मग हात धुऊन मी इकडे आलो आणि दोराला हात लावला. इश्वरभाऊंनी पाण्यातून मला बघितलं आणि ओरडले, "गुरुजी, तुमी मांगं सरका, घसराल."

सभा बसली. पाळ काहून फुटली? तुडूम उघडला नसेल. इश्वरभाऊ म्हणाले, मी सकाळीच उघडलो होतो. कोणी म्हणालं, सकाळी म्हणजे किती वाजता? कोणी घड्याळ बघितलं होतं का? लोकांना एक माणूस पाहिजे होता, आणि तो समोरच ओला उभा होता. सांडव्याचं नाव कोणाच्या तोंडून निघालं नाही. माझ्या तोंडून तर नाहीच. पाणकी त्यांच्या घरातून गेली. तेव्हापासून ते लोकांच्या बांधीवर रोजीनं जातात, दोर वळून देतात, जाळी विणतात.

दोन वर्षांनी मी वही लिहायला घेतली, तेव्हा पंधरा सप्टेंबरचा रकाना रिकामा सोडता आला असता. पण गावात एवढी मोठी गोष्ट घडली आणि कापगते गुरुजींनी सोडली कशी, असं कोणी विचारलं तर? चोराच्या मनात चांदणं. सगळे म्हणतात तेच लिहितो आहे, माझ्या पदरचं काही नाही, असं मी स्वतःला समजावलं आणि लिहून टाकलं. लोकांचं बोलणं वाऱ्यावर जातं हो. चार पावसाळे गेले असते तर गाव विसरूनही गेलं असतं. विसरू दिलं नाही ते मी.

इश्वरभाऊंचं घर शाळेच्या समोरच, रस्ता ओलांडला की ओसरी. आमच्या भोंग्याचं तोंडही तिकडेच. रोज सकाळी राष्ट्रगीत लागलं की ते हातातलं काम टाकून उभे राहतात, आणि संपलं की बसतात. पण पंधरा सप्टेंबरला ते बसत नाहीत. दिनविशेष होईपर्यंत उभेच असतात, हात मांडीला चिकटवून, सावधान. ती ओळ होते, मग बसतात. इतकी वर्षं मी हे बघत आलो. एका वर्षी मी ती ओळ गाळायला लावली, तर सातवीतली पोरगी माईकवरच म्हणाली, "सर, आपल्या गावचं राहिलं." मी म्हटलं, वाच.

त्यांच्याबद्दल गावात आणखी एक गोष्ट सगळ्यांना माहीत आहे: इश्वरभाऊ चहा पीत नाहीत. लग्नात नाही, मयतीत नाही, कोणाकडे पाहुणे गेले तरी नाही. लोक म्हणतात, पित्ताचा त्रास असेल. मीही तेच म्हणायचो.

यंदा त्यांची नात अंजू सहावीत आली. परिपाठाची पाळी हजेरी क्रमांकानं लागते, हा नियमही माझाच. शनिवारी ती वही घेऊन माझ्याकडे आली. सोमवारी पंधरा तारीख, दिनविशेष तिच्याकडे. पोरगी हुशार, अक्षर माझ्यासारखं काढते. पानावर बोट ठेवून म्हणाली, "सर, हे पन वाचाचं का?"

मी म्हटलं, "तू सुविचार वाच. दिनविशेष दुसऱ्या कोणाला देऊ."

"नाई सर. मी आजोबाले इचारलं. आजोबा म्हनते, तुई पाळी हाये त तूच वाच. लिवलं हाये ते खरं हाये म्हनते."

"असं म्हणाले?"

"हो. मोठ्यानं वाच म्हनते. लाजू नको म्हनते."

ती गेली आणि मी खुर्चीवर बसून राहिलो. इतकी वर्षं मला असं वाटत होतं की इश्वरभाऊंना तरी खरं काय ते माहीत आहे. जग काहीही म्हणो, मी सकाळीच उघडलो होतो, असं ते मनात म्हणत असतील, आणि तेवढ्यावर माझी झोप चालली होती. आता कळलं की तेही नाही. मला माझी इतकी किळस आली की मी त्या दिवशी डबा उघडलाच नाही.

घरी येऊन कुंताला, म्हणजे बायकोला, सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिनं भाजी बाजूला सारली.

"चौदा पोते?" ती म्हणाली. "त्या वर्षी पोते कुठं गेले म्हनून मी तुमाले चार खेप इचारलं. उंदरानं खाल्ले म्हनले तुमी."

"हो."

"आता आठ महिने राहिले रिटायर व्हाले. आता काहून उकरून राहिले?"

"अंजूची पाळी आहे."

तिनं भाजी पुन्हा पुढे ओढली. मग म्हणाली, "जा मंग. पन मले संगं नेऊ नका. मले त्याच्याकडे पाहावनार नाई."

रविवारी सकाळी मी रस्ता ओलांडला. रोजचा वीस पावलांचा रस्ता. इश्वरभाऊ ओसरीवर दोर वळत बसले होते. एकाहत्तर वर्षांचा माणूस, पण हात अजून दोरासारखेच पिळदार. मला बघून त्यांनी बोरी झटकून अंथरली.

मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. पोळ्याचा दिवस, चौदा पोती, बेशरमाच्या फांद्या, मग सुरी, सगळं. सांगताना माझा आवाज वर्गात निघतो तसाच निघत होता, त्याचीही मला लाज वाटली. सांगून झालं. इश्वरभाऊंनी दोराचा पीळ सुटू नये म्हणून टोक पायाच्या अंगठ्यात धरलं आणि हसले.

"गुरुजी, बसा. पोरीची पाळी आली म्हनून तुमाले वाईट वाटून राहिलं. मले समजते."

"भाऊ, मी खरं सांगतो आहे."

"तुमी चांगले मानूस हा. म्हताऱ्याले बरं वाटावं म्हनून आपल्या अंगावर घेऊन राहिले. पन असं कराचं नाई. तुमच्याच हातचं लिवलं हाये ना? लेकरायले शिकवते तो मानूस खोटं काहून लिवन?"

मी म्हटलं, "खोटंच लिहिलं. तुडूम केवढा, भाऊ? एवढ्याशा तोंडातून पूर उतरतो का? पूर उतरवायला सांडवा असतो. तो मी बुजवला होता. तुम्ही रात्रीच उघडला असता तरी पाळ फुटलीच असती."

ते ऐकत नव्हते. म्हणजे कानानं ऐकत होते, पण त्यांचं उत्तर कित्येक वर्षांपूर्वीच तयार झालेलं होतं.

"तुमाले मालूम नाई," ते म्हणाले. आवाज खाली आला. "मी त्या दिवशी च्या पेलो. पानी चढून राहिलं हे दिसत होतं मले. गिरजाबाईच्या दुकानावरून जाऊन राहिलो होतो, तिनं हाक मारली, एवढ्या पान्याचा कुठं चालला, घोटभर च्या घे. मी बसलो. एक च्या पेलो. मंग जाऊन तुडूम उघडलो. पहिले मी म्हनो का सकाळीच उघडलो. मंग तुमी वहीत लिवलं, आनि पोट्टे वाचाले लागले, त मी इचार केलो. वेळेवर नाई उघडलो म्हनते. बरोबर हाये. च्या पेलो नसतो त वेळेवर उघडलो असतो. तेवापासून मी च्या सोडलो."

पित्त म्हणायचो आम्ही. वीस वर्षांपूर्वी पाळ फुटली ती एकदा. ही जी मी फोडली ती दरवर्षी, भोंगा लावून.

मी म्हटलं, "उद्या ऐका," आणि आलो.

वहीतलं पान मी फाडलं नाही. फाडलेल्या पानाबद्दल लोक विचारत राहतात, हे मला चांगलं कळतं. लाल पेनानं ती ओळ खोडली आणि खाली नवीन लिहिली. सोमवारी सकाळी अंजूच्या हातात वही दिली. म्हटलं, "लिहिलं आहे तसंच वाच. मोठ्यानं. लाजू नको."

राष्ट्रगीत झालं. समोर इश्वरभाऊ उभे राहिले ते उभेच राहिले. अंजूनं अभियंता दिन वाचला, आपोआप उघडणारे दरवाजे वाचले, रणगाडा, दूरदर्शन. मग 'आपल्या गावात' आलं आणि तिला लाल अक्षर दिसलं.

"सन दोन हजार पाच. आपल्या तलावाची पाळ फुटली. पाणकर इश्वर डोंगरवार यांनी तुडूम वेळेवर उघडला होता." ती थांबली. मग पुढे वाचलं, "याच शाळेचे शिक्षक जागेश्वर कापगते यांनी सांडव्यावर मातीची चौदा पोती रचली होती, म्हणून पाणी बाहेर गेलं नाही. ही गोष्ट त्यांनी वीस वर्षं लपवली आणि या वहीत खोटं लिहिलं."

माझं नाव वाचताना तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. हेडमास्तरांनी माईककडे हात नेला आणि परत घेतला. दळण घेऊन चाललेले दोघे जण रस्त्यावर सायकल धरून उभे राहिले, म्हणजे दहा वाजेपर्यंत गावात पोचणार हे नक्की झालं. शाल कोणत्या रंगाची, तो प्रश्न तरी मिटला. मला कशाचंच काही वाटत नव्हतं. मी समोरच्या ओसरीकडे बघत होतो. इश्वरभाऊ मध्येच खाली बसले होते. नेहमीसारखे ओळ संपल्यावर नाही, 'वेळेवर' या शब्दालाच.

पोरं वर्गात गेली. थोड्या वेळानं ते रस्ता ओलांडून फाटकाशी आले. अंजूला हाक मारली.

"वापस वाच."

तिनं वाचलं.

"वेळेवर? वेळेवर लिवलं हाये?"

"हो आजोबा. वेळेवर उघडला होता."

त्यांनी वही हातात घेतली. त्यांना वाचता येत नाही. लाल शाईवरून बोट फिरवलं आणि परत दिली. आता त्यांचा विश्वास बसला होता. तोंडचं खोटं असू शकतं, पण लेकरांसमोर कोणी स्वतःचं नाव असं लिहीत नाही, एवढं त्यांना कळत होतं.

ललिताबाई, आमच्याकडे खिचडी शिजवते ती, त्याच वेळी शिक्षकांचा चहा घेऊन आली. मी एक ग्लास उचलला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला. म्हटलं, "घ्या भाऊ."

त्यांनी घेतला. वाफ तोंडावर येऊ दिली. ग्लास ओठांपर्यंत नेला आणि तिथंच थांबले. मग खाली घेतला.

"नाई जात," ते म्हणाले. रागानं नाही, नवल वाटल्यासारखं.

"भाऊ, मला माफ..."

"सभेत नाई सांगलं, ठीक हाये," ते म्हणाले. "तुमची नौकरी होती, इज्जत होती. लोकायले नका सांगू म्हनले असते त मी कोनाले सांगलो नसतो, गुरुजी. पन मले सांगाचं होतं. निस्तं मले."

ग्लास त्यांनी फाटकाजवळच्या भिंतीवर ठेवला, न सांडता, आणि रस्ता ओलांडून गेले. ओसरीवर बसून दोराचं टोक पुन्हा अंगठ्यात धरलं. माझ्याकडे पाठ होती.

मधल्या सुट्टीत ललिताबाई ग्लास गोळा करायला आली. "सर, हा भरलेला कोनाचा होय?"

मी म्हटलं, "माझा," आणि तो थंड चहा तिथंच उभ्यानं पिऊन टाकला.